माल्टातली पाषाणयुगीन मंदिरं : छोट्या गटानं कशी पाहावीत?

माल्टाची राजधानी व्हॅलेटा. तिच्या दक्षिणेला पाओला नावाचं गाव आहे. तिथल्या अगदी साध्या वस्तीत, घरांच्या रांगेत एक दार आहे आणि त्या दारामागे जमिनीखाली तीन मजले कोरलेली, पाच-सहा हजार वर्षांपूर्वीची दफनभूमी आहे. तिचं नाव हाल साफ्लिएनी हायपोजियम. इथे एका वेळी फक्त १० माणसांना आत सोडतात आणि दिवसभरातही असे मोजकेच गट जातात. माणसांच्या श्वासानं आतली हवा दमट होते, तापमान वाढतं आणि छतावरची गेरूची चित्रं खराब होतात, म्हणून ही मर्यादा आहे. ती कुणासाठी सैल होत नाही.

माल्टाच्या सहलीचं सगळं गणित या १० च्या आकड्यावर ठरतं. ४० जणांची मोठी सहल व्हॅलेटा, इम्दीना हे जुनं तटबंदीचं शहर, एखादी बोटीची फेरी असं करून परतते. हायपोजियम तिच्या वाट्याला येत नाही. बाकीची मंदिरंही मुळात लहान आहेत. दारं अरुंद, गाभारे दोन-चार माणसांना पुरतील एवढे. तिथे झुंडीनं गेलं तर समोरच्याची पाठ तेवढी दिसते. म्हणून ज्यांना खरोखर पुरातत्त्वासाठी माल्टाला जायचं आहे, त्यांनी सहा ते आठ जणांचा आपला गट करावा आणि आपली सहल आपणच आखावी. ते अवघड नाही. इंग्रजी ही तिथली एक अधिकृत भाषा आहे, गाड्या आपल्यासारख्या डावीकडून चालतात आणि मुख्य बेट जेमतेम २७ किलोमीटर लांब आहे.

आधी काळाचा अंदाज घ्या

सिसिलीच्या दक्षिणेला साधारण ९० किलोमीटरवर माल्टा, गोझो आणि कॉमिनो ही बेटं आहेत. माणूस इथे पहिल्यांदा कधी आला, याचं उत्तर नुकतंच बदललं. शेतकरी येण्याच्या आधी, सुमारे ८,५०० वर्षांपूर्वी, शिकार करून जगणारी माणसं उघडा समुद्र ओलांडून इथे पोचली होती, असं बेटाच्या उत्तरेकडच्या लात्निया या जागेच्या उत्खननातून २०२५ मध्ये जाहीर झालं. शेतकऱ्यांच्या वस्त्या त्यानंतरच्या. इसवी सनापूर्वी ३६०० ते २५०० या काळात इथल्या शेतकरी समाजानं ही मंदिरं बांधली. म्हणजे यातली सर्वांत जुनी मंदिरं गिझाच्या मोठ्या पिरॅमिडच्या सुमारे हजार वर्षं आधीची आहेत. बांधणाऱ्यांकडे धातू नव्हता. चकमक, शिंगं, दगडी हातोडे आणि लिपारी, पान्तेलेरिया या ज्वालामुखी बेटांवरून आणलेली ऑब्सिडियनची, म्हणजे ज्वालामुखीच्या काचेची, काळी पाती एवढ्यावर त्यांनी काम केलं.

इ.स.पू. २५०० च्या सुमारास ही संस्कृती थांबली. जमिनीचा कस गेला, पाऊस कमी झाला, समाजच मोडला, अशी कारणं अभ्यासक मांडतात, पण एकमत नाही. त्यानंतर कांस्ययुगातले लोक, फिनिशियन, इ.स.पू. २१८ पासून रोमन, इ.स. ८७० नंतर अरब, मग नॉर्मन, १५३० ते १७९८ सेंट जॉनचे नाइट्स (लढवय्या ख्रिस्ती धर्मसंघ), थोडा काळ नेपोलियन आणि १८०० पासून १९६४ पर्यंत ब्रिटिश. एवढा क्रम कागदाच्या चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवा; तिथे रोज लागेल.

पायरी १ : गट जमवणं

सहा ते आठ जण हा आकडा मी विचार करून सांगतो. एका मिनीबसमध्ये बसतात, एका फार्महाऊसमध्ये मावतात, गाइडचा खर्च वाटला जातो आणि हायपोजियमच्या एकाच फेरीत सगळ्यांना जागा मिळण्याची शक्यता राहते. दहाचा गट केलात तर संपूर्ण फेरी रिकामी मिळायला हवी. ते फार कमी वेळा जमतं.

कोणाला घ्यायचं हे आकड्याहून महत्त्वाचं. एका दगडापुढे वीस मिनिटं थांबायला तयार असतील अशीच माणसं घ्या. ज्यांना खरेदी आणि समुद्रकिनारा हवा आहे, त्यांना आधीच मोकळेपणानं सांगा की या सहलीत त्यासाठी एक दुपार मिळेल. नंतरची धुसफूस टळते. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनाही स्पष्ट कल्पना द्या. हायपोजियममध्ये अरुंद जिने आहेत, व्हॅलेटा म्हणजे चढ-उतार आणि पायऱ्यांचं शहर आहे आणि मंदिरांच्या परिसरात मोकळ्या उन्हात चालावं लागतं. सहा वर्षांखालच्या मुलांना हायपोजियममध्ये प्रवेश नाही, हेही लक्षात असू द्या.

पायरी २ : तिकीट आधी, विमान नंतर

बहुतेक लोक विमानाचं तिकीट काढतात, मग हॉटेल आणि शेवटी स्थळांची तिकिटं. माल्टाला हा क्रम उलटा करा. हायपोजियमची तिकिटं हेरिटेज माल्टा ही सरकारी संस्था आपल्या संकेतस्थळावर विकते आणि गर्दीच्या दिवसांत ती कित्येक आठवडे, कधी महिने आधी संपतात. आधी तिथे कोणत्या तारखेला तुमच्या गटाला एकत्र जागा आहे ते पाहा आणि त्या तारखेभोवती सहल बांधा. तिकीट हाताशी नसताना 'तिथे गेल्यावर बघू' म्हणू नका. काही फेऱ्यांची थोडी तिकिटं आदल्या दिवशी विकण्याची पद्धत आहे, पण ती महाग असतात आणि त्यासाठी सकाळी लवकर रांगेत उभं राहावं लागतं. आठ जणांच्या गटानं त्या भरवशावर जाऊ नये.

हायपोजियमची तारीख सहलीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी येईल असं बघा. पहिल्याच दिवशी नको, कारण विमान चुकलं किंवा उशिरा पोचलं तर तिकीट वाया जातं. उशिरा येणाऱ्याला मध्येच आत घेत नाहीत.

हेरिटेज माल्टाचा एक सामायिक पासही मिळतो. त्यात संस्थेची बहुतेक स्थळं आणि संग्रहालयं एकेकदा पाहता येतात, हायपोजियम मात्र त्यात नाही. चार-पाचपेक्षा जास्त स्थळं पाहणार असाल तर सुट्या तिकिटांची बेरीज आणि पासची किंमत शेजारी शेजारी मांडून बघा. पुरातत्त्वासाठी जाणाऱ्या गटाला बहुधा पासच परवडतो.

पायरी ३ : ऋतू आणि व्हिसा

मार्च ते मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे दिवस उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये पारा सहज ३५ अंशांच्या पुढे जातो आणि मंदिरांच्या परिसरात झाडाची सावली जवळजवळ नाही. मार्च-एप्रिलमध्ये मात्र बेट हिरवंगार असतं आणि दगडांच्या फटींतून रानफुलं आलेली असतात.

माल्टा शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत आहे, चलन युरो. सहलीचे सर्वांत जास्त दिवस माल्टात असतील तर शेंगेन व्हिसाचा अर्ज माल्टाकडेच करायचा, वाटेत रोम किंवा फ्रँकफर्टला विमान बदलणार असलात तरी. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. १५ दिवसांच्या आत आलेला अर्ज चालत नाही. आपण दोन-अडीच महिने आधी करावा. किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय विमा संरक्षण लागतं. गटातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी अर्ज द्यावेत, सगळ्यांच्या कागदांत दिवसवार आराखडा एकच असावा आणि हायपोजियमच्या तिकिटाची प्रत सोबत जोडावी. प्रवासाचा हेतू त्यातून स्पष्ट दिसतो.

पायरी ४ : मुक्काम दोन ठिकाणी

आठवड्याची सहल असेल तर चार-पाच रात्री व्हॅलेटात किंवा तिला लागून असलेल्या फ्लोरियानात आणि दोन रात्री गोझोवर काढा. बेटावरच्या बहुतेक बस व्हॅलेटाच्या वेशीबाहेरच्या स्थानकातून सुटतात, त्यामुळे इथला मुक्काम सोयीचा. स्लिमा आणि सेंट ज्युलियन्स इथे हॉटेलं पुष्कळ आहेत, पण रोज सकाळी तिथून वाहतुकीच्या कोंडीत अडकून निघायचं म्हणजे दिवसाचा चांगला वेळ बसमध्येच जातो. व्हॅलेटात घर घेताना मात्र कितव्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट आहे का, हे दोनदा विचारा.

बस स्वस्त आहेत, दोन तासांच्या तिकिटावर बदलताही येतात. पण थांब्यावर हात दाखवला नाही तर बस थांबत नाही आणि भरलेली असेल तर हात दाखवूनही थांबत नाही. आठ जणांचा गट अशा वेळी दोन बसमध्ये विभागला जातो. व्हॅलेटा, रबात, इम्दीना यांसाठी बस ठीक आहे. दक्षिणेच्या मंदिरांच्या (हाजार ईम आणि म्नाय्द्रा) दिवशी चालकासह मिनीबस ठरवा.

पाट्या वाचताना थोडा गोंधळ उडेल. माल्टी भाषा अरबी कुळातली, लिपी रोमन. एक्सचा उच्चार 'श' होतो आणि क्यू गळ्यातच राहतो, म्हणून पाटीवरचं नाव आणि चालकानं उच्चारलेलं नाव वेगळं वाटतं. शिवाय काही नावं दोनदा येतात. इम्जार हे माल्टावरचं गाव आहे आणि गोझोचं बंदरही. रबात माल्टावर आहे आणि गोझोच्या राजधानीलाही लोक रबातच म्हणतात. नकाशात जागा टाकताना बेटाचं नाव तपासून घ्या.

पायरी ५ : गाइड आणि अभ्यास

माल्टात स्थळांवर माहिती सांगायला परवाना लागतो आणि परवानाधारक गाइडच्या गळ्यात ओळखपत्र असतं. सगळ्या सहलीसाठी गाइड घेण्याची गरज नाही. माझा सल्ला असा की दक्षिणेच्या मंदिरांचा एक दिवस आणि व्हॅलेटाचा अर्धा दिवस एवढ्यापुरता घ्या. ठरवतानाच सांगा की आम्हाला प्रागैतिहासिक काळात रस आहे. काही गाइड नाइट्सच्या इतिहासात रमणारे असतात, काही पाषाणयुगात.

बाकीच्या दिवसांसाठी गटातच वाटणी करा. प्रत्येकानं एक स्थळ घ्यायचं आणि तिथे दहा मिनिटं बोलायचं. कोणी मंदिरांचे आराखडे घ्यावेत, कोणी दगडाचे प्रकार, कोणी उत्खननाचा इतिहास. आपल्यातलंच माणूस तयारी करून बोलतं तेव्हा बाकीचे प्रश्न विचारायला बिचकत नाहीत. हा छोट्या गटाचा मोठा फायदा आहे.

पायरी ६ : पहिला दिवस संग्रहालयाला

व्हॅलेटातलं राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय रिपब्लिक स्ट्रीटवर, नाइट्सच्या एका जुन्या निवासवाड्यात आहे. मंदिरं पाहण्याआधी इथे यायचं, हे मी आग्रहानं सांगतो. कारण सोपं आहे : मंदिरांमधल्या नाजूक कोरीव वस्तू आणि मूळ शिळा इथे हलवल्या आहेत आणि हायपोजियमजवळच्या तार्शीनच्या मंदिरांसारख्या ठिकाणी आता त्यांच्या प्रतिकृती उभ्या आहेत. मूळ आधी पाहिलं की प्रतिकृतीच्या जागी गेल्यावर ती शिळा कुठे होती, कोणत्या दिशेला तोंड करून होती, एवढंच पाहायचं उरतं आणि तेच महत्त्वाचं असतं.

तीन गोष्टींपुढे थांबा. पहिली, हायपोजियममध्ये सापडलेली झोपलेल्या स्त्रीची मातीची मूर्ती. तळहातावर मावेल एवढी. कुशीवर निजलेली, डोक्याखाली हात, अंगाखालचा मंचक भाराने मधोमध वाकलेला. मूर्तीच्या खालच्या बाजूला मंचकाचे आडवे दांडेही दाखवलेले आहेत. ज्यांची लिपी नाही, ज्यांचं एकही वाक्य आपल्याला माहीत नाही, त्या माणसांची झोपायची खाट कशी असेल ते इथे कळतं. दुसरी, धडावर डोकं बसवण्यासाठी खोबण ठेवलेल्या स्थूल दगडी मूर्ती. डोकी बदलता येत असावीत. त्या देवी होत्या, पूर्वज होते की आणखी काही, हे कोणी खात्रीनं सांगू शकत नाही, म्हणून 'मातृदेवता' हे लेबल आपल्या मनात लगेच चिकटवू नका. तिसरी, तार्शीनची सर्पिल नक्षीची वेदी. तिच्या समोरच्या बाजूला दगडाचंच एक झाकण आहे; ते काढल्यावर आतल्या पोकळीत चकमकीचं पातं आणि जनावरांचे अवशेष मिळाले होते.

याच संग्रहालयात फिनिशियन आणि ग्रीक अशा दोन भाषांतला लेख असलेला संगमरवरी स्तंभ आहे. तसाच दुसरा पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात आहे. या जोडीच्या आधारे १७५८ मध्ये बार्तेलेमी या फ्रेंच अभ्यासकानं फिनिशियन लिपी उलगडली.

पायरी ७ : हायपोजियम, आणि त्याच दिवशी तार्शीन

१९०२ मध्ये पाओलात नव्या घरांसाठी पाण्याची टाकी खोदताना मजुरांची कुदळ या भुयाराच्या छतातून आरपार गेली. सुरुवातीला ही गोष्ट दडवली गेली. पुढे मॅन्युएल मॅग्री या जेझुइट धर्मगुरूंनी उत्खननाची सुरुवात केली, पण १९०७ मध्ये ते ट्युनिशियात वारले आणि त्यांच्या नोंदी हरवल्या. काम थेमिस्टोक्लिस झामिट यांनी पुढे नेलं. सुमारे ७,००० माणसांचे अवशेष इथे असावेत, हा अंदाज त्यांचाच. माल्टाच्या पुरातत्त्वात झामिट यांचं नाव पावलोपावली भेटेल.

वेळेच्या १५-२० मिनिटं आधी पोचा. पिशव्या, फोन, कॅमेरे बाहेर ठेवावे लागतात, आत फोटो काढता येत नाही. कानाला ऑडिओ गाइड असतो आणि दिवे तुमच्या पुढे-पुढे लागत जातात.

आत नेमकं काय पाहायचं, ते आधीच ठरवून जा, कारण वेळ मोजका असतो. मधल्या मजल्यावर एक दालन आहे, त्याचा दर्शनी भाग हुबेहूब जमिनीवरच्या मंदिरासारखा कोरला आहे : दोन उभे खांब, वर आडवी शिळा, आणि त्यावर एकावर एक पुढे सरकत आलेले छताचे थर. खडकातून कोरताना खांबाची गरज नसते, थरांची तर मुळीच नसते. तरीही कोरले आहेत. भाजे-कार्ले इथल्या चैत्यगृहांत कारागिरांनी लाकडी घराच्या तुळया आणि कमानी खडकात उतरवल्या, तीच ही गोष्ट, फक्त भाज्याच्या तीन हजार वर्षं आधीची. आणि भाज्यावरून जसा नष्ट झालेल्या लाकडी इमारतींचा अंदाज बांधता येतो, तसं इथलं छत पाहून जमिनीवरच्या मंदिरांची कोसळलेली छपरं कशी असतील, ते अभ्यासकांना सांगता येतं. या एका दालनापुढे उभं राहून छताकडे बघा. उद्या उघड्या मंदिरांत गेल्यावर डोळ्यांसमोर आपोआप छप्पर उभं राहील.

गेरूनं रंगवलेल्या वेली-वलयांचं छत याच मजल्यावर आहे. भिंतीतल्या ज्या कोनाड्यात जाड आवाजात बोललं की आवाज दालनभर घुमतो, तो कोनाडाही इथलाच.

बाहेर आल्यावर तार्शीनची मंदिरं चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहेत. नांगर अडखळवणाऱ्या मोठ्या दगडांबद्दल एका शेतकऱ्यानं सांगितलं आणि झामिट यांनी १९१५ ते १९१९ या काळात इथे उत्खनन केलं. एका भव्य मूर्तीचा फक्त घागऱ्यापासून खालचा भाग इथे उरला होता. तो मूळ भाग तुम्ही संग्रहालयात पाहिलेला असेल. भिंतींच्या पायथ्याशी पडलेले दगडी गोळे चुकवू नका. अवजड शिळा सरकवण्यासाठी ते खाली घालत असावेत, असं मानतात.

पायरी ८ : हाजार ईम आणि म्नाय्द्रा

हा सहलीचा सर्वांत महत्त्वाचा दिवस. सकाळी स्थळ उघडायच्या वेळेला पोचा.

हाजार ईम कड्याच्या माथ्यावर, म्नाय्द्रा उतारावरून साधारण अर्धा किलोमीटर खाली, समुद्राच्या बाजूला. समोर फिल्फ्ला नावाचं छोटं बेट. दोन्हींवर २००९ मध्ये पांढरी छत्रं उभारली. फोटोत ती खटकतात, पण त्यांची निंदा करण्याआधी हाजार ईमचा दगड जवळून बघा. तो ग्लोबिजेरिना चुनखडीचा आहे : मऊ, मधाच्या रंगाचा, कोरायला सोपा आणि म्हणूनच वारा-पाऊस-मिठानं झिजणारा. काही शिळांच्या पृष्ठभागाला खळगे पडून त्या मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या झाल्या आहेत. म्नाय्द्राच्या बाहेरच्या भिंती कठीण, करड्या प्रवाळी चुनखडीच्या आहेत आणि त्या पुष्कळ टिकल्या. बांधणाऱ्यांना हा फरक माहीत होता. गोझोच्या मंदिरात बाहेर कठीण दगड आणि आतल्या सुबक कामाला मऊ दगड, अशी निवड केलेली तुम्हाला दिसेल.

हाजार ईमला दगडांच्या आकाराकडे लक्ष द्या. इथल्या सर्वांत मोठ्या शिळेचं वजन २० टनांहून जास्त आहे. मग आत जाऊन उलट करा, म्हणजे बारीक गोष्टी शोधा : दाराच्या उंबऱ्याजवळची दोरी ओवायची भोकं, अडसरासाठी खांबांत केलेल्या खाचा, एकाच शिळेत चौकोनी खिडकीसारखं कापलेलं दार, आणि टोच्यानं टोचून काढलेली ठिपक्यांची नक्षी. ही नक्षी सगळीकडे नाही, ठरावीक आतल्या दारांवरच आहे. कोणी कुठपर्यंत जायचं याची काही मर्यादा असावी, असं ती दारं पाहून वाटतं.

म्नाय्द्राचं खालचं मंदिर सूर्याशी जुळवलेलं आहे. दिवस-रात्र समान असतात त्या सुमारास, मार्च आणि सप्टेंबरच्या २०-२३ तारखांना, उगवत्या सूर्याचा किरण मुख्य दारातून सरळ आतल्या टोकापर्यंत जातो. उत्तरायण-दक्षिणायन सुरू होतं तेव्हा तो आतल्या दाराच्या दोन बाजूंच्या शिळांच्या कडांवर पडतो. या पहाटेंसाठी हेरिटेज माल्टा मर्यादित लोकांना खास प्रवेश देते. तुमच्या तारखा जुळत असतील तर ही संधी सोडू नका.

दगडांना हात लावू नका, वर चढू नका, हे सांगायला नको. २००१ मध्ये म्नाय्द्राच्या शिळा रात्रीत कोणी पाडल्या आणि त्या परत उभारायला तज्ज्ञांना फार कष्ट पडले.

परतताना बिर्झेब्बुजाजवळची आर दालम गुहा घ्या. बेटावर माणूस येण्याच्या कितीतरी आधीचे बुटके हत्ती आणि पाणघोडे यांची हाडं इथे सापडली. उत्खननात मातीचा एक खांब मुद्दाम तसाच ठेवला आहे. त्यात कोणत्या थरावर कोणता थर ते उघड दिसतं. पुरातत्त्वाची ओळख नसलेल्या माणसाला 'स्तर' म्हणजे काय हे समजावायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

पायरी ९ : रबात आणि इम्दीना

एक दिवस पुरतो. आधी डोमस रोमाना, म्हणजे १८८१ मध्ये सापडलेलं रोमन घर आणि त्यातली मोझेकची जमीन. मग सेंट पॉल भुयारी दफनगृहं. तिथे मृतांसाठी जेवण करायची, खडकातच कोरलेली गोल मेजं आहेत, आणि ख्रिस्ती, ज्यू व इतर धर्मीयांच्या कबरी शेजारी शेजारी आहेत. संध्याकाळी इम्दीनाच्या तटबंदीत निवांत फिरा. दिवसभरासाठी आलेल्या सहलींच्या बसगाड्या तोवर गेलेल्या असतात.

पायरी १० : गोझो

चिर्केव्वा बंदरातून बोट २५ मिनिटांत पोचते. जाताना तिकीट घ्यावं लागत नाही, परतताना घेतात. व्हॅलेटातून थेट जलद बोटही आहे. बहुतेक लोक गोझोला सकाळी जाऊन संध्याकाळी परततात. तुम्ही दोन रात्री राहा. दगडी फार्महाऊस भाड्यानं मिळतात, स्वयंपाकघर असतं आणि आठ जणांत भाडं जड जात नाही.

शाआरा गावाजवळची जगंतिया मंदिरं हे इथलं मुख्य आकर्षण. एका राक्षसिणीनं ही बांधली अशी गावकऱ्यांची कथा, आणि सहा मीटरहून उंच मागची भिंत पाहिल्यावर ही कथा का रचली गेली हे कळतं. समोरच्या दारापेक्षा या मागच्या भिंतीपाशी जास्त वेळ द्या : एक शिळा आडवी, एक उभी, अशी रचना आहे. त्याच तिकिटात शेजारची १७२५ ची पवनचक्की पाहता येते. गोझोच्या राजधानीचा किल्ला अर्ध्या दिवसात होतो. समुद्रातली प्रसिद्ध दगडी कमान, अझ्युअर विंडो, ८ मार्च २०१७ च्या वादळात कोसळली. जुन्या फोटोंवर जाऊन ती शोधू नका.

नाइट्सच्या माल्टासाठी शेवटचा दिवस

१५६५ मध्ये ऑटोमन (तुर्की) सैन्यानं घातलेल्या मोठ्या वेढ्याला नाइट्सनी सप्टेंबरपर्यंत झुंज दिली आणि पुढच्याच वर्षी, २८ मार्च १५६६ ला, व्हॅलेटाची पायाभरणी झाली. सेंट जॉन्स को-कॅथेड्रल या चर्चमध्ये काराव्हाज्जो या इटालियन चित्रकाराचं १६०८ चं भव्य चित्र आहे, सेंट जॉनच्या शिरच्छेदाचं. त्यानं सही केलेलं हे एकमेव चित्र; सही सांडलेल्या रक्तातच आहे. जमीन नाइट्सच्या रंगीत संगमरवरी समाधी-शिळांची असल्यामुळे टोकदार टाचांची पादत्राणं चालत नाहीत, खांदेही झाकलेले लागतात. रविवारी पर्यटकांसाठी बंद असतं आणि हेरिटेज माल्टाचा पास इथे चालत नाही. दुपारी छोट्या होडीनं बंदर ओलांडून समोरच्या बिर्गू या जुन्या गावाला जा.

आपल्याकडचा एक धागाही इथे आहे. रशिया-तुर्कस्तान तणावाच्या वेळी १८७८ मध्ये ब्रिटिशांनी हिंदी पलटणी मुंबईहून बोटीनं माल्टाला आणल्या होत्या. पहिल्या महायुद्धात इथल्या इस्पितळांत मरण पावलेल्या हिंदी सैनिकांची नावं व्हॅलेटाजवळ पिएता इथल्या लष्करी स्मशानभूमीत कोरलेली आहेत. वेळ असेल तर अर्धा तास काढा.

खाणं आणि बाकीचं

शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही. रिकोटा चीज किंवा वाटाण्याचं सारण भरलेली पास्तित्सी कोपऱ्याकोपऱ्यावर मिळते. पारंपरिक पद्धतीत चरबी वापरतात, म्हणून कट्टर शाकाहारींनी विचारून घ्यावं. फ्तिरा हा चपटा पाव भरून देतात तेव्हा त्यात बहुधा ट्यूना मासा असतो, नको असल्यास आधी सांगा. बिगिला म्हणजे बाकला (ब्रॉड बीन) जातीच्या वाटलेल्या दाण्यांची लसणाची चटणी, आपल्या जिभेला लगेच पटते. खजुराचं सारण भरून तळलेले इम्‌कारेत खिशात असू द्या. मंदिरांच्या दिवशी जेवणाची जागा शोधत बसू नका, सकाळीच पाव-चीज-टोमॅटो बांधून घ्या आणि प्रत्येकी दीड लिटर पाणी.

प्लगसाठी ब्रिटिश पद्धतीची तीन चौकोनी पिनांची जोडणी न्या. २४, २५ आणि ३१ डिसेंबर, १ जानेवारी आणि गुड फ्रायडे या दिवशी हेरिटेज माल्टाची स्थळं बंद असतात. स्कोर्बा आणि ता हाज्रात ही दोन लहान मंदिरं आठवड्यातले ठरावीक दिवसच उघडी असतात. गोझोच्या बोटीकडे जाताना ती वाटेवर पडतात, तेव्हा गोझोला निघायचा वार त्यांच्या वेळा पाहून ठरवा.